भरून दिलेला डबा

उतई, ७ जुलै २०२४

अपूर्वास,

तुझा निरोप फोनवर आला, उत्तर टपालानं येतंय. हॅमिल्टनपर्यंत पत्र जायला अडीच-तीन आठवडे लागतात, असं पोस्टातल्या माणसानं सांगितलं. मी म्हटलं, लागू द्या. तू लिहिलंयस, 'वहिनी, आईकडे वेळ नाही, आजच कळव.' तुझ्या आईला माझ्या आईचं नाव विचारायला कधी सवड झाली नाही. तेवढ्या काळात बैलगाडीनंसुद्धा पत्र कॅनडाला पोचलं असतं.

फोनवर मी मुद्दाम बोलत नाही. माझा आवाज गेट-मीटिंगचा आहे. हथखोजच्या कारखान्यांसमोर, जयंतीच्या मांडवात, विहाराच्या पायऱ्यांवर तो कमावलेला आहे. फोनवर तुला ते भाषण वाटेल आणि तू रडशील. रडणाऱ्या माणसाशी मला वाद घालता येत नाही. कागदापुढे रडलीस तर निदान मला दिसणार नाही.

आणि 'वहिनी' नको. केदार आणि मी कागदावर अजून नवरा-बायको आहोत, कारण कोर्टाच्या पायऱ्या चढायचा दोघांनाही कंटाळा आहे. त्यापलीकडे त्या नात्यात काही उरलेलं नाही.

आता तुझं म्हणणं मला नीट कळलंय का बघ. वासंतीबाईंना, म्हणजे तुझ्या आईला, अन्ननलिकेचा कर्करोग आहे. मऊ घास तेवढा कसाबसा उतरतो. जेवणावरची वासना उडाली आहे. फक्त एकच गोष्ट त्या मागतात, 'ती अळूवडी'. केदारनं स्वयंपाकवाल्या बाईकडून करवली, तर म्हणाल्या, 'ही नव्हे.' स्टील प्लांटच्या वसाहतीतल्या, तुमच्या सेक्टरमधल्या गुजरातीण बाईंनी पात्रा दिला, मंगळुरूच्या बाईंनी पत्रोडे दिलं. 'ही नव्हे.' मग तू तुझ्या 'सगळ्यांची चूल' नावाच्या ग्रुपवर विचारलंस. तिथे जगभरच्या बायका आपापल्या घरचे आवडते पदार्थ एकमेकींना शिकवतात. त्रिनिदादच्या बाईनं लिहिलं, आम्ही हेच पान भेंडी आणि नारळाच्या दुधात शिजवतो. सामोआच्या बाईनं लिहिलं, आम्ही त्यात नारळाची साय बांधून भट्टीत ठेवतो. फिलिपिन्सच्या बाईनं वाळवलेलं पान मिरचीत कसं मुरवायचं ते सांगितलं. एका आर्मेनियन म्हातारीनं तर द्राक्षाचं पानही चालेल का विचारलं. सगळ्या जणी तुझ्या आईसाठी हळहळल्या. आणि मग परवा वासंतीबाई म्हणाल्या, 'दीक्षाला विचार.'

बारा वर्षांत त्यांनी माझं नाव पहिल्यांदा घेतलं, ते भुकेनं.

तू विचारतेस, ती कोणती वडी, आणि मी करून देईन का. ती कोणती ते मला माहीत आहे. मी करून देणार नाही.

कारण हवं असेल तर आईला एकच विचार: ती वडी तू खाल्लीस कुठे? मी तुमच्या घरात ती कधी केली नाही. माझी आई तुमच्या स्वयंपाकघरात कधी आली नाही. मग ती चव त्यांच्या जिभेवर आली कुठून?

दीक्षा मेश्राम


उतई, २५ जुलै २०२४

अपूर्वास,

पहिलं पत्र अजून तुझ्या हातात पडलेलं नाही, आणि तुझे निरोप थांबत नाहीत. सातव्या महिन्याचं पोट घेऊन तुला विमानात बसू देत नाहीत, हे मला समजतं. त्याचा राग माझ्यावर काढू नकोस. 'जुनं काय असेल ते असेल, एका मरणाऱ्या बाईची एवढीशी इच्छा' असं तू लिहिलंयस. हे 'जुनं काय असेल ते' तुला खरंच माहीत नाही, असं मी धरून चालते. तू तेव्हा पुण्याला होतीस. तुला सांगितलं गेलं, 'वहिनीचं आणि आईचं पटलं नाही.' असंच सांगतात.

आमच्या लग्नानंतरचा पहिला पावसाळा. २०१२. माझी आई राधाबाई इथेच, उतईला राहायची. वडील बळीराम, दुर्गच्या लाइनवर गँगमन होते. ते रिटायर झाल्यावर दोघांनी ही जागा घेतली आणि वर्षभरात ते गेले. आई एकटी. लेक सेक्टरमध्ये दिलेली, शिकलेल्या, दुर्गच्या जुन्या मराठी घरात. तिला वाटलं, इहीनबाईला, म्हणजे विहिणीला, काहीतरी पाठवावं. मटण पाठवलं तर बाटल्यासारखं होईल, चिकन नको, अंडं नको. चार दिवस ती याच विचारात होती. शेवटी तिनं असं काही केलं की ज्यात कुणाला बोट ठेवायला जागा सापडू नये. कोचईचं, म्हणजे अळूचं, पान, उडदाची डाळ, चिंच. माती, पाणी आणि ऊन यांच्याशिवाय त्यात कुणाचा हात नव्हता. असं तिला वाटलं. तिचा स्वतःचा हात तेवढा ती विसरली.

वाफवून, कापून, जवसाच्या तेलात परतून वड्या तिनं मोठ्या चौकोनी स्टीलच्या डब्यात एकाला एक लावून भरल्या. डब्यावर नाव घातलेलं होतं: 'सौ. राधाबाई बळीराम मेश्राम'. वडील असताना रेल्वेच्या बायकांनी भिशीतून घेतलेला डबा. केदार कामासाठी इकडे उतईला आला होता, त्याच्या स्कूटरला तो लावून दिला.

मी तेव्हा तुमच्या घरात होते. डबा आला एवढं मला दिसलं. संध्याकाळी ताटात काही आलं नाही. मी विचारलं, तर वासंतीबाई म्हणाल्या, 'उद्या बघू, आज पोट जड आहे.' दुसऱ्या दिवशी मी बिलासपूरला सभेला गेले, तीन दिवसांनी आले. डबा दिसला नाही. मी धरून चालले की खाल्ला.

खरं काय झालं ते मला आईकडे गेल्यावर कळलं. केदारनं परतीचा डबा आणून दिला. निघताना तुझी आई त्याला म्हणाली होती, 'रिकामा डबा देऊ नये, भरून दिलाय.' वाक्य अक्षरशः खरं होतं. तुझी आई खोटं बोलत नाही, हे केदार मला नेहमी सांगायचा.

माझ्या आईनं डबा हातात धरला आणि तिला वजन लागलं. आपल्याकडे, तुमच्याकडे काय नि आमच्याकडे काय, रिकामा डबा कुणी परत करत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. इथे तर डबा भरलेला. तिनं ओट्यावरूनच हाक मारली:

'कमला! ये वं कमला! रिकामा नाई धाडला! इहीनबाईनं भरून धाडला, पाय, हातात धरून पाय!'

शेजारची कमलाकाकू आली, तिच्या मागे आणखी दोघी-तिघी आल्या. कमलाकाकूनं डबा तोलला. 'हाव वं, जड हाये. मले वाटलं होतं सेक्टरवाले आपल्याले का पुसतेत.'

'शिकलेल्या घरची रीत हाये,' आई म्हणाली.

'रीत नंतर सांग, आधी उघड. आमी का तोंडाले कुलूप लावून आलो?'

आईनं झाकण जरासं उचललं. तेवढ्यात तिच्या नाकाला कळलं. तिचीच वडी होती. पावसाळ्यात चार-पाच दिवस बंद डब्यात राहिलेली, पांढरी बुरशी आलेली.

तिनं झाकण दाबलं आणि हसली. 'चिवडा हाये,' म्हणाली. 'संध्याकाळी घरोघरी वाटतो.'

आणि तिनं वाटला. बायका गेल्यावर डबा मागे नेऊन खड्ड्यात उपडा केला, घासला, दुकानातून पोहे आणि दाणे आणले, चिवडा केला, आणि दिवेलागणीला घरोघरी दिला, इहीनबाईचा म्हणून. कमलाकाकूनं दोनदा मागून घेतला. 'इहीनच्या हाताले चव हाये,' म्हणाली. माझ्या आईनं मान डोलावली.

मला ती हे सांगणार नव्हती. खड्ड्याजवळ वासावर कुत्रं उकरत होतं, ते मी पाहिलं, म्हणून विचारलं. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, 'पण एक कोपरा रिकामा होता बाई. मी गच्च भरला होता. कोणं तरी एक वडी खाल्ली.'

मला राग आला. अजून अपमान झाकते आहेस, म्हटलं. असं सांगून मला परत त्या घरात पाठवायचं आहे तुला. पुढे मरेपर्यंत ती तेवढंच सांगत राहिली, एक कोपरा रिकामा होता. मी तिला दर वेळी म्हणायचे, खोटं बोलू नकोस.

केदारला मी विचारलं. तो म्हणाला, 'आई असं करूच शकत नाही, तुझी काहीतरी गलतफहमी झाली.' मी त्याच दिवशी परत उतईला आले.

आता तुझ्या आईच्या भुकेनं मला सांगितलंय की माझी आई खरं बोलत होती. कोपऱ्यातली एक वडी खाल्ली गेली होती. आवडली होती. आवडल्यावर उरलेल्या वड्या झाकून ठेवल्या, सडू दिल्या आणि परत पाठवल्या. न चाखता परत पाठवली असती तर तो फक्त विटाळ झाला असता, आणि तेवढं आमच्या अंगवळणी पडलेलं आहे. चाखून, आवडून परत पाठवणं याला काय म्हणायचं, ते तुझ्या जगभरच्या बायकांना विचार.

दीक्षा मेश्राम


उतई, १४ ऑगस्ट २०२४

अपूर्वा,

दोन्ही पत्रं मिळाली म्हणतेस. 'मला माहीत नव्हतं' असं तू चार वेळा लिहिलंयस. एकदा पुरेसं होतं.

'पण आई सगळ्यांच्या हातचं खाते' असंही लिहिलंयस. हे मी नाकारलं कधी? मी त्या घरात राहिले आहे. तुझी आई तरुण असताना प्लांटमधल्या रशियन इंजिनियरांच्या बायका तिच्या टेबलावर बसायच्या, त्यांच्याकडून ती बीटाचा रस्सा शिकली. फोटो आहे भिंतीवर. ओणमला केरळी शेजारणीचं पायसम, पूजेला बंगाली बाईंची खिचडी, लोहडीला गजक, पोंगलला पोंगल. अख्खा देश त्या सेक्टरमध्ये राहतो आणि तुझ्या आईनं अख्खा देश खाल्ला. मी सभेत हे उदाहरण देते, नाव न घेता. लोकांना विचारते: त्रिनिदादच्या बाईचं पान या घरात चालतं आणि स्कूटरवर अर्ध्या तासावरच्या उतईचं का चालत नाही? कारण त्रिनिदादच्या बाईची जात यांना वाचता येत नाही. राधाबाई बळीराम मेश्राम हे नाव डब्यावर कोरलेलं होतं. ते वाचता आलं.

तुम्ही लोक पदार्थांची देवघेव करता आणि समजता की माणसं जवळ आली. दूरच्या माणसाचं जेवण जवळ घेणं सोपं असतं, कारण ते माणूस उद्या दारात येऊन उभं राहणार नाही.

असो. तू फार मागे लागलीस म्हणून मी रविवारी सेक्टरला गेले. भेटीला. डबा न घेता.

केदारनं दार उघडलं. केस पांढरे झालेत त्याचे. आत तुझी आई उशांना टेकून बसली होती. इतकी लहान झाली आहे की मला आधी पांघरूणच दिसलं. टेबलावर शेजाऱ्यांचे डबे रांगेनं, सगळे न उघडलेले.

'ये, बस,' म्हणाली.

मी बसले. तिनं तब्येतीचं वगैरे काही सांगितलं नाही. सरळ म्हणाली, 'ती वडी, दीक्षा. पान काळं पडलेलं. बेसन नव्हतं, उडदाची डाळ, भरड. तेलाला उग्र वास. आणि सगळं गिळून झालं की जिभेच्या मागे चिंच.'

बोलता बोलता तिच्या तोंडाला पाणी सुटलं. तिनं पदरानं पुसलं.

'एवढं आठवतं,' मी म्हटलं, 'तर कुठे खाल्ली तेही आठवत असेल.'

'या वयात जागा कुठे लक्षात राहते?'

'चव राहते.'

'चव राहते,' ती म्हणाली.

केदार मध्ये पडला. 'अरे यार, छोड ना दीक्षा. बीमार आहे ती. कशाला टेन्शन देऊन राहिलीस?'

'मी काहीच देऊन राहिले नाही. तेच तर दुखणं आहे ना तुमचं?'

तुझी आई त्याही अवस्थेत हसली. 'जीभ आहे तशीच आहे हिची.'

'तुमचीही,' मी म्हटलं.

मग मी अट घातली. लपवून ठेवत नाही, तुला सांगते. मी म्हटलं, वासंतीबाई, माफी नको. मला माफीचं काय करायचं, मी काही देऊळ नाही. एक वाक्य हवंय. ती वडी कुणाच्या डब्यातली होती, तेवढं तुमच्या तोंडानं सांगा. केदारसमोर. डबा मी आणते.

उपाशी बाई, आणि घास मिळायला तीन शब्द लागत होते. मग तिनं तोंड भिंतीकडे केलं.

'केदार, हिला चहा दे,' म्हणाली.

चहा मी घेतला. बशी-कपात. आधीसारख्या स्टीलच्या पेल्यात नाही, एवढी प्रगती नोंदवते.

तू म्हणशील, मी मरणाऱ्या बाईला हट्ट करायला लावला. हट्ट तिचा आहे. मी फक्त दार दाखवलं.

दीक्षा


उतई, १ सप्टेंबर २०२४

अपूर्वा,

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा तुला यातलं बरंच केदारकडून कळलेलं असेल. तरी माझ्या बाजूनं सांगते.

मंगळवारी दुपारी केदार उतईला आला. चिखलात स्कूटर घसरली होती, गुडघ्यावर पँट फाटलेली. ओट्यावरच उभा राहिला, कमलाकाकू तिथे तांदूळ निवडत होती.

'आई बोलली,' तो म्हणाला.

'काय बोलली?'

'बोली... राधाबाईंच्या डब्यातली. किचनमध्ये, उभ्या उभ्या खाल्ली. दीक्षा, मला खरंच माहीत नव्हतं. मीच घेऊन आलो होतो ना तो डबा इथे. मीच.'

कमलाकाकूनं सूप खाली ठेवलं. तिला तोवर काही ठाऊक नव्हतं. बारा वर्षं ती त्या चिवड्याचं कौतुक करत आली होती. तिनं मला विचारलं, 'कोणता डबा वं? चिवड्याचा?' मी तिला तिथेच, केदारसमोर, सगळं सांगितलं. ती केदारकडे बघून एवढंच म्हणाली, 'अन् राधाबाईनं मले दुसऱ्यांदा बी वाढला. कावून वाढला असंन?' केदार फाटलेल्या पँटवरचा चिखल पुसायला लागला. मला बरं वाटलं.

मग त्यानं दुसरी गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर तुझ्या आईच्या नाकातून नळी घालणार होते. त्यानंतर तोंडानं काही नाही. पाण्याचा थेंबही नाही. 'आज बनव ना,' तो म्हणाला. 'रात्रीपर्यंत. मी इथेच थांबतो, घेऊनच जातो.'

मी म्हटलं, 'डाळ भिजवायला लागते. उद्या आणते.'

उडदाची डाळ चार तासांत भिजते, अपूर्वा. तुला माहीत आहे. तुझ्या आईला तर नक्कीच माहीत आहे. केदारला माहीत नव्हतं, कारण त्याला त्या घरात स्वयंपाकघर कधी दाखवलंच नाही.

कमलाकाकूला माहीत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि सूप उचलून पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

माझी अट होती, ती पाळली गेली. माझा शब्द होता, तो मी पाळला. 'डबा मी आणते' म्हटलं होतं, कधी ते म्हटलं नव्हतं. तुझ्या आईनं 'भरून दिलाय' म्हटलं होतं, कशानं ते म्हटलं नव्हतं. आम्ही दोघीही खोटं बोलत नाही.

बुधवारी पहाटे कोचईची पानं तोडली. मनात एक विचार येऊन गेला तोही सांगते: चिंच न घालता केली तर ते पान घसा ओरबाडून काढतं, आणि खाणाऱ्याला घास गिळून झाल्यावरच कळतं. मी चिंच घातली. भरपूर. माझ्या आईच्या पदार्थाला मी हत्यार करणार नाही. केली ती तंतोतंत तिच्यासारखी, आजवर मी केलेल्यांत सगळ्यात चांगली. त्याच डब्यात एकाला एक लावून गच्च भरली.

दुपारी सेक्टरला पोचले. नळी घातलेली होती.

मी खाटेजवळ बसले आणि झाकण उघडलं. जवसाच्या तेलाचा वास खोलीभर झाला. तुझ्या आईनं डोळे मिटले, नळीवरून नाकपुड्या हलल्या. मग डोळे उघडून तिनं डब्यावरचं नाव वाचलं. सावकाश, लहान मूल पाटी वाचतं तसं.

'याला इडहर म्हणतात,' मी म्हटलं. 'अळूवडी नाही. नाव विचारलं असतं तर इतके महिने शोधायला लागलं नसतं. इथल्या गावातल्या बायकांनी माझ्या आईला शिकवलं, तिनं मला. नाव म्हणून बघा.'

नळीमुळे आवाज फुटत नव्हता. पण तिचे ओठ हलले. इ-ड-हर. तिनं ते दोनदा केलं.

केदार म्हणाला, 'बस झालं. घेऊन जा तो डबा.'

'भरलेला डबा परत न्यायला मी आले नाही. ती तुमची रीत. रिकामा झाला की पाठव.'

डबा तिच्या उशाशी ठेवून मी निघाले. दारातून मागे वळून पाहिलं नाही, म्हणून ती काय करत होती ते मला माहीत नाही.

दीक्षा


उतई, १२ सप्टेंबर २०२४

अपूर्वा,

वासंतीबाई गेल्याचं केदारनं कळवलं. मी स्मशानात गेले नाही. बायका गेल्या होत्या, केरळी, बंगाली, पंजाबी, सगळ्या. त्यांनी आपापल्या हातांनी वासंतीबाईंना जेवू घातलं होतं, त्यांचा तो हक्क होता.

तू या वेळी एकच गोष्ट विचारली आहेस. शिव्या दिल्या नाहीस. मला शिव्या अपेक्षित होत्या, त्यांना उत्तर तयार होतं. तू विचारलंस, 'आईनं ती शेवटी खाल्ली का? केदार म्हणतो, मी औषधं आणायला खाली गेलो होतो, मला माहीत नाही. त्यानं डबा न उघडता तुझ्याकडे आणून दिला. तू उघडला असशील. एवढं सांग.'

सांगते. आधी तुझ्या ग्रुपसाठी कृती लिहून घे. ती मी राखून ठेवणार नाही. सामोआच्या बाईनं माझ्या आईचा डबा परत पाठवला नव्हता.

उडदाची डाळ चार तास भिजवून भरड वाटायची, पाणी न घालता. त्यात मीठ, हिरवी मिरची, आलं, कोथिंबीर आणि चिंचेचा दाट कोळ. कोचईची, म्हणजे अळूची, कोवळी पानं शिरा लाटून उलटी पसरायची, वाटण थापायचं, पानावर पान ठेवून गुंडाळी करायची, सुतानं बांधायची. पातेल्यात तळाशी पळसाची पानं घालून वर वाफवायची. निवल्यावर कापायची, घाई केली तर मोडते. जवसाच्या तेलात दोन्ही बाजू काळसर होईपर्यंत परतायची. काही जण कढीत सोडतात, माझी आई कोरडीच ठेवायची, कारण ती डब्यातून पाठवायची असायची. वर नाव लिही: 'इडहर. राधाबाई बळीराम मेश्राम, उतई.' 'माझ्या आईची आवडती' असं लिहायचं असेल तर तेही लिही. ते खरं आहे.

आता डबा.

तो गेल्या शुक्रवारी आला. केदारनं ओट्यावर ठेवला आणि पाणीही न पिता गेला. मी उचलला. जड होता. कमलाकाकू समोरच होती. ती म्हणाली, 'भरलेला हाये ना वं?' आणि उठून आत जायला निघाली. तिला बघायचं नव्हतं. मी तिला थांबवलं. म्हटलं, मागच्या वेळी माझ्या आईनं तुम्हांला दाखवला नाही, या वेळी मी दाखवते.

झाकण उघडलं. वास सुटला होता, बुरशी आली होती. वड्या माझ्याच होत्या, जशा लावल्या होत्या तशाच.

एक कोपरा रिकामा होता.

कमलाकाकूनं तोंडाला पदर लावला. नळी घातलेल्या बाईनं हात लांब करून ती उचलली असेल. नुसती तोंडात धरून चव घेतली असेल, किंवा गिळली असेल आणि त्याची किंमत मोजली असेल. केदारनं खाल्ली असेल आणि तुला सांगायची लाज वाटत असेल. मला माहीत नाही. मी डबा मागे नेला, खड्ड्यात उपडा केला, घासला. तो आता माझ्याकडे आहे.

तुला वाटेल, दीक्षा शेवटी विरघळली, माझं मन राखायला रिकाम्या कोपऱ्याचं सांगते आहे. किंवा वाटेल, टोमणा मारायला आईचीच गोष्ट माझ्यावर उलटवते आहे. तू हे पत्र पुन्हा पुन्हा वाचशील. तुझं मूल मोठं होईल, तू त्याला ही वडी करून घालशील, आणि दर वेळी ताटाकडे बघून तुला प्रश्न पडेल की मी खरं लिहिलं होतं का.

माझी आई मला हेच सांगायची, याच शब्दांत, आणि मी तिला खोटी म्हणायचे. मला निदान बारा वर्षांनी पुरावा मिळाला, तुझ्या आईच्या तोंडून. तुझ्याकडे फक्त माझा शब्द आहे.

दीक्षा बळीराम मेश्राम